बारा गाडे आणि मागचा दोर

माझी बायको शाळेत विज्ञान शिकवते. लग्न ठरलं तेव्हा भावकीत याचं फार कौतुक झालं, आणि लग्नानंतर तिच्यापुढं सगळे जपून बोलायला लागले. ती भोर गावात वाढलेली, मी वेल्ह्याकडच्या डोंगराला टेकलेल्या खेड्यातला. ती कधी चिडत नाही. मी दोघांच्याही वाटणीचं चिडून घेतो, त्यामुळं संसाराचा हिशेब बरोबर जुळतो.

आमच्या जत्रेत बारा गाडे ओढतात. बैल नव्हे, माणूस ओढतो. बैलगाडे एकामागं एक बांधायचे, त्यात पोरंबाळं आणि म्हातारी माणसं बसवायची, आणि ज्या घरात मान आहे त्या घरच्या गड्यानं कमरेला पट्टा आवळून ती सगळी रांग वेशीपासून देवळापर्यंत न्यायची. मान आमच्या घरात. माझ्या थोरल्या चुलत्यांनी तो उभ्या आयुष्यभर चालवला. त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी पट्टा माझ्या हातात दिला. मी वरव्याच्या बाजूला एका कंपनीत मशीनवर उभा राहणारा माणूस. माझं पोट पट्ट्याच्या पुढं वीतभर आलेलं.

गाडे हलले नाहीत तर देव त्या घरावर रुसला असं गाव मानतं, आणि मान दुसऱ्या घरात जातो. दुसरं घर म्हणजे माझा चुलतभाऊ, धाकट्या चुलत्यांचा मुलगा, शेजारच्याच आळीतला. म्हशी पाळतो, रोज वैरणीचे भारे डोक्यावर आणतो, खांदे असे की सदरा शिवणारा शिंपी कुरकुरतो. त्याला मान हवा होता, आणि त्यानं ते कधी लपवलंही नाही. माझ्या मागं माझ्या घराची लाज त्या पट्ट्याला बांधलेली होती, हे मला झोपेतही ठाऊक असायचं.

गावात आता बैलगाडे तरी कुठं राहिलेत. काही आंबवड्याहून मागवले, काही कामथडीच्या पाव्हण्यांनी टेम्पोत घालून धाडले. आमच्या तरुण मंडळाला त्या वर्षी नवी कल्पना सुचली. पूर्वी गाडे दोरांनी बांधत. दोर ढिले असले की मागचा गाडा पुढच्यावर आदळे, आणि आदल्या जत्रेत एका बाईचा पाय त्यात सापडून सुजला होता. म्हणून पोरांनी नसरापुरातून लोखंडी दांडे वेल्डिंग करून आणले आणि गाडे एकमेकांना घट्ट जोडून टाकले. रांग आगगाडीसारखी सरळ दिसायला लागली. वरून ड्रोननं शूटिंग करायचं होतं, तेही कारण होतंच.

जत्रेच्या आधी तालीम झाली. गाडे रिकामे होते. मी पट्टा बांधला, देवाचं नाव घेतलं आणि वाकलो. काही झालं नाही. पुन्हा वाकलो. चपला काढून टाचा रोवल्या, डोळ्यांपुढं काजवे चमकले, गाडे जागचे हलेनात. बघणारी माणसं आधी हसली, मग गप्प झाली. ते गप्प होणं मला जास्त लागलं. कोणीतरी म्हणालं की नोकरीवाल्याच्या अंगात आता देव कसला येतोय. चुलतभाऊ शर्टाच्या बाह्या वर सारून उभा राहिला.

घरी आलो तर बायको नववीचे पेपर तपासत होती. मी भांडं आपटलं, पाणी सांडलं, मंडळाला शिव्या दिल्या, देवालाही दोन शब्द सुनावले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं एकच विचारलं.

"सगळे गाडे एकदमच हलवायला लागतात का?"

मी म्हणालो, मग काय हप्त्याहप्त्यानं हलवायचे? ती हसली नाही. विचार करायला लागली की तिचा खालचा ओठ दाताखाली जातो, तसा तो गेला. दुसऱ्या दिवशी तिनं मला शाळेत बोलावलं.

वर्गात मी मागच्या बाकावर बसलो, पोरं माझ्याकडं बघून खुदखुदत होती. टेबलावर तिनं विटांचे तुकडे ओळीनं मांडले होते. आधी ते सुतळीनं ताणून बांधले आणि पुढच्या तुकड्याला ताणकाटा लावला. ताणकाटा म्हणजे स्प्रिंगचा छोटा काटा, किती जोर लागतो ते दाखवणारा. एका मुलीला ओढायला सांगितलं. काटा खूप पुढं गेला तेव्हा कुठं रांग सरकली. मग बायकोनं त्याच सुतळ्या मधे ढिल्या सोडल्या. आता पहिला तुकडा थोड्याशा जोरावर निघाला, त्याच्या मागची सुतळी ताणली, दुसरा निघाला, मग तिसरा.

पोरांना तिनं सांगितलं ते मला जन्मभर पुरेल. थांबलेली वस्तू थांबूनच राहायला बघते, याला जडत्व म्हणतात. तिला जागची उठवायला जास्त जोर लागतो, एकदा चालू लागली की कमी पुरतो. शिवाय पुढचा गाडा चालता असला, तर मागच्याला झटका द्यायला तोही तुमच्या बाजूनं येतो. तिनं हे खडूनं लिहिलं नाही, फळ्याकडं बघितलंही नाही. पोरांच्या डोळ्यांत बघत बोलत होती, आणि शेवटच्या बाकावर बसून मला वाटलं, ही बाई रोज घरी माझ्याशी भाजीच्या भावावर बोलते आणि इथं येऊन असलं काही बोलते. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

संध्याकाळी तिनं चुलत्यांना विचारलं, तुम्ही कसे ओढत होता. म्हातारा तंबाखू मळता मळता म्हणाला.

"म्या बारा गाडे कवाच वडले न्हाईत, सूनबाई. म्या एकच वडला. बाकीचे आपले मागनं आले."

मंडळानं दांडे काढून पुन्हा ढिले दोर बांधायला आढेवेढे घेतले. त्या बाईच्या पायाचं काय, असं ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. बायकोनं त्यांचं म्हणणं मान्य केलं. गाड्याबाहेर कोणाचा पाय लोंबणार नाही, आणि दोन गाड्यांच्या मधे गवताच्या पेंढ्या बांधायच्या, असं ठरलं. मग ती वेशीपासून देवळापर्यंत चालत गेली आणि परत आली. तिचा चेहरा उतरला होता.

तिनं मला जे सांगितलं ते गावात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जुना रस्ता मातीचा होता आणि देवळापुढं चढ होता. माती चाकांना धरून ठेवायची, चढ गाडे थांबवायचा. आता सिमेंटचा रस्ता झाला, आणि तो करताना चढ खणून सपाट केला. वेशीपाशी रस्ता सपाट, पण थोडं पुढं गेल्यावरचा उतार मात्र तसाच राहिला. थांबलेलं हलत नाही हा जडत्वाचा अर्धाच भाग, ती म्हणाली. चालतं झालेलं थांबतही नाही. घर्षण गेलं, चढ गेला, आणि बारा गाड्यांच्या पुढं तुम्ही.

मग तीच चुलतभावाकडं गेली. शेवटच्या गाड्याला मागं जाड दोर बांधायचा आणि दणकट गड्यांनी तो धरून गाडे आवरायचे, त्या गड्यांचा म्होरक्या त्यानं व्हावं, असं तिनं सांगितलं. त्याला ते टोचलं. पुढं मान माझा, आणि मागं धूळ खायला तो. तरी वहिनीला नाही म्हणणं त्याला जमलं नाही, तो पुटपुटत तयार झाला.

जत्रेच्या दिवशी हलग्या वाजत होत्या, भंडारा उडत होता. मी पट्टा बांधला आणि वाकलो. पहिला गाडा करकरला आणि आला. मग कमरेला एक हिसका बसला, दुसरा आला. मग आणखी एक. प्रत्येक गाडा मला कमरेत कळत होता. मागं पोरं ओरडत होती, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. देव अंगात आला का मला माहीत नाही, पण मी रडत होतो हे खरं.

मग उतार संपायच्या आत मी ओढायचं थांबलो आणि गाडे थांबले नाहीत. मला बाजूला व्हायचं होतं, तसं ठरलं होतं. पण दर्शनाला माणसं दोन्ही अंगांनी दाटली होती, फट राहिली नव्हती. मी पुढं पळत होतो आणि पहिल्या गाड्याचं जू पाठीला घासायला लागलं होतं. पाय अडखळला असता तर मी चाकाखाली गेलो असतो. मागनं चुलतभावाचा आवाज ऐकू आला, नुसता आवाज, शब्द नव्हते त्यात. जुवाचा दाब कमी झाला, आणखी कमी झाला, आणि देवळाच्या पायरीशी सगळी रांग उभी राहिली.

रीत अशी आहे की ओढणाऱ्याच्या पाया पडायला सगळं गाव येतं. माणसं आली. मी त्यांच्यातून वाट काढत मागं गेलो. चुलतभाऊ शेवटच्या गाड्याच्या चाकाला टेकून खाली बसला होता. दोराचं सालपट निघालं होतं आणि त्याच्या दोन्ही तळहातांचंही. माझी बायको त्याच्यापुढं बसून जखमेत रुतलेले दोराचे धागे काढत होती.

"वहिनी, मागं एवढा जोर लागतो हे आदी का न्हाई सांगितलं?" तो म्हणत होता.

मी वाकून त्याच्या पायाला हात लावला. तो संकोचला, पाय ओढून घ्यायला लागला, आज त्यानं माझ्या पाया पडायचं, असं म्हणाला. कमरेचा पट्टा सोडून मी त्याच्या मांडीवर ठेवला. पुढच्या जत्रेला गाडे तू ओढ, असं सगळ्या गावासमोर सांगितलं.

"आणि तू?" चुलतभावानं विचारलं.

मी सांगितलं, मी मागं. तू पुढं असताना दोर दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला मला भीती वाटेल.