काढून टाकलेली कड

आमच्या ह्यांना गावात सगळे वेतवाले म्हणतात. वेताच्या खुर्च्या विणतात, मोडक्या असतील तर अशा दुरुस्त करतात की पुढे नातवंडांनी बसावं. दिसत नाही त्यांना. लग्नाआधीच एका तापात नजर गेली. मी हे स्थळ पसंत केलं तेव्हा माझ्या भावाने कपाळावर हात मारून घेतला. "आयुष्यभर हात धरून फिरवावं लागेल," म्हणाला. कसलं काय! ह्या माणसाने मला कधी हात धरूच दिला नाही. सकाळी डबा घ्यायचा, काठी घ्यायची आणि रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या दुकानात एकट्याने जायचं. वाटेत कुणी सायकल आडवी लावली असेल तर तिच्या मालकाचा मोठ्याने उद्धार करायचा. चालणं इतकं सराईत, की ह्यांना दिसत नाही हेच गाव विसरून गेलं. गावाचं कशाला बोलू, मीही विसरले. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

आमचा रस्ता पूर्वी रस्ता नव्हताच, ट्रकवाल्यांची पळवाट होती. हमरस्त्यावरचा वळसा चुकवायला निम्मे ट्रक गावातून घुसायचे. बायाबापड्या भिंतीला चिकटून चालायच्या. पोरांना सायकलवर पाठवायचं म्हणजे परत येईपर्यंत जीव टांगणीला. एकदा ट्रकच्या आरशाने शिंपिणीच्या डोक्याला खोक पाडली आणि माझं डोकं फिरलं. घरोघरी गेले, भांडले, गावच्या कमिटीच्या उंबऱ्यावर ठाण मांडलं. कमिटीचा अध्यक्ष म्हणजे आमचा औषधवाला. मला लांबून पाहिलं की दुकानाच्या आतल्या खोलीत पळायचा. पण शेवटी नवा रस्ता मंजूर झाला.

इंजिनियर बाई नकाशा घेऊन आल्या. ट्रक बंद. चालायला आणि सायकलींना मोकळी वाट, झाडं, बसायला बाकं. आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एकसारखी दगडी फरशी. कुठे पायरी नाही, कुठे कड नाही, कुणाला ठेच लागायला नको. टाळ्या काय वाजल्या सांगू! बाईंनी सभेत विचारलं, "कुणाला काही अडचण?" मी ह्यांना कोपर मारलं. म्हटलं, बोला की काहीतरी. हे म्हणाले, "छानच आहे."

फरशीचं काम माझ्या भावालाच मिळालं. गवंडी आहे तो. हात असा साफ, की दोन फरश्यांच्या मध्ये नख जाणार नाही.

रस्ता खुला झाला त्या सकाळी मी दारात उभी होते, अगदी लग्नघरातल्यासारखी. शिंपिणीची आई कित्येक वर्षांनी चाकाच्या खुर्चीवरून बाहेर आली होती आणि जो दिसेल त्याला हाका मारत होती. हे डबा घेऊन निघाले. काठी डावीकडे गेली, नेहमीसारखी. काही लागलं नाही. आणखी डावीकडे. काही नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या रस्त्याला वीतभर उंच दगडी कड होती. सगळ्यांना अडखळायला लावणारी, सगळ्यांच्या शिव्या खाणारी. काठी त्या कडेला लावून हे चालायचे. आणि ती कड मी भांडून काढायला लावली होती.

"अहो, थांबा!" मी ओरडले. थांबतील तर शपथ. मान ताठ, पाय पुढे, आणि हळूहळू तिरपे होत रस्त्याच्या मधोमध. ट्रक असते तर निदान ऐकू आले असते. बेकरीवाल्याची मुलगी पाव घेऊन सायकलवर आली, तिचा आवाज तो काय येणार? तिने करकचून ब्रेक दाबला, सायकलसकट आडवी झाली, पाव चहूकडे. हे दचकून मागे सरले ते बाकाला अडकून पडले. डबा उघडला, नडगी सोलवटली. पण त्याहून वाईट पुढे झालं. हे उठून उभे राहिले आणि कुठल्या दिशेला तोंड आहे हेच त्यांना कळेना. भर रस्त्यात, चारचौघांत, हात पुढे करून ते गोल फिरत होते. मी असं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. देव करो आणि वैऱ्यावर ही वेळ न येवो.

मी दंड धरून घरी आणलं. त्यांनी आणू दिलं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"दुकान बंद करू या," ते म्हणाले. "खुर्च्या लोकांना इथेच आणून द्यायला सांग."

मग दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. हातात वेत, पण बोटं चालत नव्हती. बाहेर पोरं खेळतायत, म्हाताऱ्या बाकांवर गप्पा मारतायत, जो तो येऊन मला म्हणतोय, "ताई, रस्ता काय झालाय!" आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतोय.

शेवटी विचारलंच. "तुम्हाला सभेतच कळलं होतं ना?"

"हो."

"मग तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलात?"

"तू किती खुशीत होतीस," ते म्हणाले. "वेतवाल्याची बायको म्हणून नाही, तुझी तू म्हणून लोक तुला ओळखायला लागले होते. वाटलं, जमवून घेईन."

मला इतका राग आला की हातातली कपबशी आपटली. राग कुणाचा, ते विचारू नका. आणि त्या माणसावर त्या क्षणी जेवढी माया आली तेवढी लग्नातसुद्धा आली नव्हती.

तशीच औषधवाल्याकडे गेले. म्हटलं, कड परत हवी. त्याने हातच जोडले. "ताई, तुमच्याच हट्टापायी काढली ना? आता शिंपिणीच्या आईची खुर्ची चालते, ती अडवू का? आपण असं करू, रोज कुणीतरी वेतवाल्यांना हात धरून सोडेल. गाव काय मेलंय का?"

चांगल्या मनानेच म्हणाला हो. सगळेच तसं म्हणाले. म्हणून तर भांडता येईना. आज हा हात धरेल, उद्या तो. परवा कुणाला सवड नसेल, आणि हे दारात डबा घेऊन वाट पाहत बसतील. चार महिन्यांत माझा नवरा संपला असता, हे मला स्वच्छ दिसत होतं.

भावाची पहार त्याच्या अंगणात होती. उचलली. आमच्या दारासमोर, भिंतीपासून हातभर अंतरावर टोक घातलं आणि सगळा भार टाकला. कडाक् करून फरशी दुभंगली. हां हां म्हणता गर्दी जमली. "बाई वेडी झाली," कुणीतरी म्हणालं. औषधवाला धावत आला. "पोलिसांना बोलवावं लागेल, सांगून ठेवतो!"

"बोलवा. चहा टाकते त्यांच्यासाठी."

दुसरी फोडली. तळहाताचं सालटं निघालं. तिसरीत पहार घातली तेवढ्यात भाऊ गर्दी सारत पुढे आला, चेहरा लालबुंद. स्वतःच्या हातचं काम असं फुटलेलं बघवेना त्याला.

"सोड ती पहार!"

"नाही सोडणार. तूच म्हणाला होतास, आयुष्यभर हात धरावा लागेल. तुझं खरं करायचंय का?"

तो खाली बसला, माझ्या तुकड्यांवरून बोट फिरवलं. मग पहार हिसकावून घेतली. "अगं, फोडतेस काय कसायासारखी? अख्खी निघते." अलगद फरशी उचलली, वाळू सारखी केली आणि तीच फरशी पालथी घालून बसवली. वरची बाजू गुळगुळीत, खालची टाकीच्या घावांची, खरखरीत. उंची तीच. शिंपिणीने लगेच आईची खुर्ची वरून नेऊन पाहिली. आजी म्हणाल्या, "थोड्या गुदगुल्या होतात, बाकी काही नाही."

औषधवाला म्हणाला, "इंजिनियर बाई येऊ देत, मग बघतो तुमच्याकडे." पण पोलिसांना बोलावलं नाही.

मी वाळू ओढत होते, भाऊ फरश्या पालथ्या घालत होता. ओळ औषधाच्या दुकानापर्यंत आली आणि मागून काठीचा आवाज आला. खर्र, खर्र. हे निघाले होते. डबा नव्हता, नुसती काठी. सरळ ओळीवरून, मान ताठ. मी ओळीवरच बसले होते. काठी माझ्या पाठीला लागली.

"वाटेत कोण बसलंय? बाजूला व्हा."

मी आवाज केला नाही. बोलले असते तर रडले असते, आणि मग ते तिथेच थांबले असते. सरकले. ते पुढे गेले, ओळ संपली तिथे थांबले. काठी गुळगुळीत फरशीवर इकडे फिरली, तिकडे फिरली. औषधवाल्याने हात पुढे केला. "चला वेतवाले, सोडतो दुकानापर्यंत."

"नको. आज इथपर्यंतच," हे म्हणाले. वळले, काठीने ओळ धरली आणि एकटे घरी गेले.

मी वाळूच्या ढिगावर बसून हमसून हमसून रडायला लागले. भावाने वर पाहिलंसुद्धा नाही.

"रडून झालं असेल तर वाळू ओढ," तो म्हणाला. "उद्या त्याला दुकान उघडायचंय."