देशीच्या दुकानावरून डावीकडे

पूर्वी माझ्या माळ्यावर रिकाम्या बाटल्या साठायच्या. दारू सुटली आणि आता किस्से साठतात. बाटल्या निदान भंगारवाला न्यायचा, किस्से कोण नेणार? म्हणून तुम्हाला सांगतो!

दारू सोडलेल्या, सोडणाऱ्या आणि 'उद्यापासून सोडतो' म्हणणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. दर रविवारी सकाळी तळवड्यातल्या एका शाळेत, पहिलीच्या वर्गात आम्ही जमतो. आजूबाजूची वर्कशॉप्स बंद असतात, नदीकडून धुकं येतं, फळ्यावर कुणा पोराने अर्धवट सोडलेलं फूल असतं. अशा वेळी आपण कुणाच्या तरी स्वप्नात बसलोय असं वाटतं, आणि मला ते फार आवडतं.

*

पहिल्यांदा आलो तेव्हा मी चुकीच्या दारात शिरलो. आत बरीच माणसं गंभीर चेहऱ्याने बसलेली. एकाने माझ्यापुढे माईक धरला. "परिचय द्या."

मी घरून पाठ करूनच आलो होतो. डोळे मिटले आणि एका दमात म्हणालो, "माझं नाव विलास. मी दारुडा आहे!"

डोळे उघडले तर समोर बॅनर, वधू-वर मेळावा!

मागून एक आजी म्हणाल्या, "चला, खरं सांगणारा पहिलाच आला बाई!"

*

आमचे बबनराव मूळ तळवड्याचे. शेतं गेली, बिल्डिंगा आल्या, अंगकाठी मात्र पैलवानाची राहिली. पहिल्या दिवशी ते पहिलीच्या बाकात बसले ते काही केल्या निघेनात. आम्ही चौघं ओढतोय, बाक पण सोबत उठतोय!

"आयला, सुटायला आलो आन् हितं बी अडकलो!"

तेव्हापासून चहा करायचं काम त्यांच्याकडे. उभ्याने करता येतं ना!

*

चहाची आमच्याकडे एक रीत आहे. नव्या माणसाला अर्धाच कप. एकदा लातूरकडचा एक फिटर आला आणि कपात डोकावून भडकला.

"पाहुण्याला अर्धा चहा? आमच्याकडं असं नसतंय!"

बबनरावांनी लगेच दुसरा कप काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला. फिटरचे हात असे थरथरले की चहा बशीत आणि बशीतून पँटवर!

"अर्धाच बरा होता," तो हळूच म्हणाला.

सगळे हसलो, तोही हसला. आमच्यातल्या प्रत्येकाचा पहिला कप अर्धाच होता.

*

आता तानाजीचं. तानाजी कंपनीत माझ्याच लाइनवर, राहायला चाकणजवळच्या गावात. त्याच्या पिण्यापायी सुनंदावहिनी मंचरला माहेरी निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "विलासभावजींच्या त्या मीटिंगला पोचा, मगच मी घरी येईन." कँटीनमध्ये हे सांगताना तो ताटातला भात नुसता चिवडत होता. मला फार वाईट वाटलं.

दर रविवारी तो घरून निघायचा आणि आमच्याकडे पोचायचा नाही.

शेवटी विचारलं, "अरे, अडतं कुठं?"

"तुमच्या बबनरावांनी फोनवर पत्ता दिलाय ना राव! देशीच्या दुकानावरून डावीकडं, मग परमिट रूम, मग वाइन शॉपवरून सरळ. मी पयल्या खुणेच्या पुढं जातच न्हाई!"

*

दुसरा पत्ता द्यायचं ठरलं, तर आमच्यातल्या एकालाही दुसरी खूण आठवेना! मग मीटिंग संपल्यावर आम्ही सगळे पार मेन रोडपर्यंत गेलो आणि तिथून रस्ता बघत शाळेकडे परत निघालो. धुकं अजून विरलं नव्हतं. कोपऱ्यावर पिठाच्या गिरणीचा गरम वास आला. पुढे बकुळीचं झाड, खाली फुलांचा सडा. फिटर खाली बसून फुलं वेचायला लागला आणि कुणी त्याला हसलं नाही. वर्षानुवर्षं आम्ही इथून ये-जा केली होती, पण रस्ता आज पहिल्यांदाच बघत होतो.

एका पत्र्याच्या शेडमागे दगडी विहीर निघाली. बबनराव कठड्याला टेकून बराच वेळ आत बघत राहिले.

"भारी विहीर हाय. कुणाची असंल?"

मग एकदम दचकले. "आरं, ही तर आमचीच! हितंच पवायला शिकलो की मी!"

*

मी तानाजीला फोन लावला. "गिरणीवरून डावीकडे वळ. बकुळीखालून पुढे ये. मग बबनरावांची विहीर. समोर शाळा."

"मीटिंग हाय का सहल?" तो म्हणाला.

पुढच्या रविवारी बघतो तर तानाजी दारात उभा! मागे सुनंदावहिनी, ओंजळीत बकुळीची फुलं.

"वहिनी, तुम्ही इथे कशा?" मी विचारलं.

उत्तर तानाजीनेच दिलं. "गिरणी, झाड, हीर... असला पत्ता मला कुठला घावतोय? हिलाच फोन केला. म्हणलं, येवढा रस्ता दाव. पयल्या एसटीनं आली."

वहिनी फुलं बाकावर ठेवून त्याच्याशेजारी बसल्या. बबनरावांनी रीतीप्रमाणे तानाजीला अर्धा कप दिला आणि वहिनींना भरून. वहिनींनी कप उचलला. तो बशीवर वाजायला लागला, चहा त्यांच्या पदरावर सांडला. त्यांनी कधी थेंब घेतला नव्हता, तरी हात आमच्यासारखेच थरथरत होते.

तानाजीने तो कप हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला.

"बबनराव," तो म्हणाला, "हिला बी अर्धाच द्या."