नळाचं पाणी आणि आक्कांचं एक खोटं

डॉ. शशिकलाआक्कांची आणि माझी पहिली ओळख बेळगावच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत झाली. जवळच्या मच्छे गावाहून सायकलने येणारा मी हंगामी तंत्रज्ञ. त्या छातीच्या आजारांच्या डॉक्टर. एका रुग्णाच्या थुंकीच्या नमुन्यात जंतू उगवल्याचा मी दिलेला रिपोर्ट पाहून म्हणाल्या, “एकदाच उगवलंय न्हवं? मग थांबू या.” मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

क्षयाच्या जंतूचे काही भाऊबंद माती-पाण्यात राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखेच दिसतात. औषधं मात्र वेगळी, वर्षाहून अधिक चालणारी, पोटाला आणि डोळ्यांना जड जाणारी. म्हणून आक्का एका नमुन्यावर उपचार सुरू करीत नाहीत. सुरू केलेच, तर दर महिन्याला रुग्णाची नजर स्वतः तपासून घेतात.

निपाणीच्या सुशीलाबाई विड्या वळायच्या, जुना खोकला घेऊन आल्या होत्या. त्यांच्या दुसऱ्या नमुन्यातही असाच जंतू उगवला. औषधं जवळजवळ ठरलीच. बाई रडवेल्या झाल्या. “डोळं गेलं तर विड्या कशा वळू, आक्का?”

त्याच आठवड्यात आणखी दोघांच्या नमुन्यांत तोच जंतू निघाला आणि आक्का थबकल्या. माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, “तुम्ही नमुना कसा घेता, दाखवा बघू.” मी ऐटीत दाखवलं. आधी प्रत्येकाला नळाच्या पाण्याने खळखळून चूळ भरायला लावायचो. स्वच्छतेत ती माझी स्वतःची भर होती. आक्कांनी नळाचंच पाणी तपासायला लावलं. जंतू तिथेच होता.

मग उकळून गार केलेल्या पाण्याने चूळ भरायला लावून बाईंचे तीन नमुने घेतले. कित्येक आठवडे वाट पाहिली, काहीच उगवलं नाही. खोकला तंबाखूच्या धुळीचा ठरला. बाई म्हणाल्या, “लई उपकार झालं बघा.”

इस्पितळाच्या प्रमुखांनी मला काढायचं ठरवलं होतं. तेव्हा आक्का शांतपणे म्हणाल्या, “चूळ भरायला मीच सांगितलं होतं.” त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. बोलणी त्यांनी खाल्ली, माझी नोकरी राहिली. पुढे त्या मला अरे-तुरे करू लागल्या, पण हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि माझीही जीभ रेटली नाही.

आज त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहून ठेवतो: चूक माझी होती. आक्का, हे वाचून तुम्ही “कशाला लिहिलंस रं?” म्हणून रागवाल. खुशाल रागवा. मला रागवायला तुम्ही अशाच ठणठणीत प्रकृतीने खूप वर्षं आमच्यात असा.