चौदा कोरी पानं

दप्तरखान्यात तिला सगळे डिंकमावशी म्हणायचे. पस्तीस वर्षं फाटक्या नोंदवह्या शिवून बोटांना डिंकाचा वास कायमचा लागलेला. जीभ तिखट, साहेबालाही सोडायची नाही. मी कपाटातून वह्या काढून देणारा शिपाई. माझ्यावर तिची विशेष माया, म्हणजे शिव्या जास्त.

वाचनदालनात दोन प्राध्यापकांची एका प्राचीन साम्राज्यावरून रोज जुंपायची. थोरले म्हणत, ते साथीनं आतून पोखरलं, शत्रूनं नुसता धक्का दिला. धाकटे म्हणत, "पुरावा दाखवा. त्या वर्षांत मेलेल्यांच्या नोंदी आहेत कुठे?"

"मेलेल्यांवरून जिवंत माणसं भांडतायत," मावशी दाभण चालवत म्हणायची. "चालू द्या."

एकदा धाकट्यांनी तुलनेसाठी आमच्याच गावची, पन्नास वर्षांपूर्वीच्या साथीतली मृत्यूंची वही मागवली. "बघा. एका दिवसात एकसष्ट, मग तीन आठवडे एकही नाही. साथ आपसूक ओसरते. तिनं राज्यं बुडत नाहीत."

मावशी ताडकन उठली. "सर, ही वही लिहिणारा कारकून माझा बाप. एकसष्टावं नाव लिहून घरी आले आणि अंथरुणाला खिळले. दोन दिवसांत बाबा गेले, मग आई. मी सहा वर्षांची. तीन आठवड्यांनी आलेल्या नव्या कारकुनानं राहिलेली नावं भरायला चौदा पानं कोरी सोडली, असं काकू सांगायची. पण नावं सांगायला घरांत माणूस उरला नव्हता."

"मग ती पानं दाखवा," धाकटे हळूच म्हणाले.

एवढी वर्षं तिला ती वही उघडायची हिंमत झाली नव्हती. आता उघडली. कोरं पान एकही नव्हतं. तिनं शिवणीवर बोट फिरवलं.

"टाका माझाच आहे. नोकरीचं पहिलं वर्ष. कोरी पानं काढून टाकायची, असा नियम होता. गठ्ठेच्या गठ्ठे यायचे, वहीवरचं नाव कोण वाचतंय?"

मला इतका राग आला, पण कुणावर काढणार?

वर्षभरानं धाकट्यांचं पुस्तक बांधणीला आलं. आमच्या गावावर एकच ओळ: तीन आठवडे एकही मृत्यू नाही. मावशीनं ते नेहमीसारखं नीट शिवलं. साहेबांनी उघडलं, तर त्या ओळीपुढे चौदा कोरी पानं.

"हे काय मध्येच?"

"आईबाप आहेत माझे," ती म्हणाली. "आता कापू नका."