आभारांची यादी

लातुरातला कुठलाही कार्यक्रम आभारप्रदर्शनाशिवाय संपत नाही, आणि आभारप्रदर्शन या गृहस्थांशिवाय होत नाही. कचेरीतून निवृत्त झालेले, खिशात कायम चार घड्यांचा कागद. कार्यक्रम सुरू झाला की हे अंधारात वाकून रांगारांगांतून हिंडतात आणि कोण कोण आलंय ते टिपून घेतात. मग माझ्याशेजारी येऊन बसतात.

परवा पुण्याहून तिघं वादक आले होते. व्हायोलिन, त्याहून थोरलं व्हायोला आणि गुडघ्यांत उभं धरून वाजवायचं चेलो. ना तबला, ना गाणं. एक भाग संपून वादक क्षणभर थांबले की हे कागद उलगडत उठायचे. तीनदा उठले, तीनदा मी शर्ट धरून खाली बसवलं.

"अजून हाय?" प्रत्येक वेळी तोच प्रश्न.

शेवटी एकदाचा माईक हाती आला. टिचकी मारून त्यांनी उदगीरहून खास आलेले अडत व्यापारी, हारवाले, चहावाले, सभागृहाचा वॉचमन, सगळ्यांचे आभार मानले. वादक वाद्यं सांभाळत मागं उभेच होते. त्यांची नावं आलीच नाहीत.

बाहेर आल्यावर मी चिडून म्हणालो, "अहो, वादकच राहिले की!"

"ते तर वाजवायलाच आल्ते, सर," ते शांतपणे म्हणाले. "दोन तास जे उठून गेले न्हाईत, आभार त्यांचे."

यादीत माझं नाव तिसरं होतं, आणि ते येतं का नाही हे ऐकायलाच मी थांबलो होतो.