तांबडीचं पाप कुणी घ्यायचं

"बाई, सुई द्या. पर मरायची नको," धुळाबा म्हणाले.

कराडच्या अलीकडं, हायवेच्या सर्व्हिस रोडच्या कडेला त्यांची तांबडी घोडी आडवी पडली होती. सकाळी एका टेम्पोनं तिला उडवलं. टेम्पो थांबलाच नाही. मागच्या पायाची नळी मोडून हाड कातडीबाहेर आलं होतं. मी सरकारी दवाखान्यातली जनावरांची डॉक्टर. खडीत गुडघे टेकून पाय बघितला.

लोकांना वाटतं, प्लास्टर घातलं की झालं. वासराला घालतो आम्ही. मोठ्या घोडीचं तसं नसतं. तिला महिनोन्महिने झोपवून ठेवता येत नाही, आणि एवढं वजन तीन पायांवर पेलत नाही. धड पायांचे खूरही कामातून जातात. त्यात हे हाड उघडं, मातीनं भरलेलं. अशा वेळी आम्ही युथनेशिया करतो, म्हणजे सुखानं मरण देतो. आधी गुंगी, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. जनावराला काही कळत नाही.

हे सगळं मी धुळाबांना सांगितलं. ते म्हसवडकडचे मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचं, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, हा त्यांचा दरवर्षीचा क्रम. सगळं बिऱ्हाड या घोडीच्या पाठीवर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"न्हाई बाई. जित्या जिवाला मारा म्हणायचं, त्ये पाप हाय. दसऱ्याला आमच्या देवाला पयला भंडारा माझ्या हातनं लागतो. बापाचा मान माझ्याकडं आला. हातच बाटला तर देवाला कसं शिवू?"

"औषध मी देणार आहे. पाप मला लागू दे."

"करणाऱ्यापरीस 'कर' म्हणणाऱ्याला जास्ती लागतं."

मी दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं आणि साहेबांना फोन लावला.

"मालक हो म्हणतोय का?"

"नाही, सर."

"मग हात लावू नका. उद्या दवाखान्यावर माणसं गोळा होतील."

"घोडी तडफडतेय, सर."

"मग समजवा त्याला," म्हणून त्यांनी फोन ठेवला. फोनवरून समजवायला काय जातं.

ऊन चढलं. इंजेक्शनचा असर उतरायला लागला. तांबडी उठायला बघायची, मोडका पाय लोंबकळायचा, ती परत आदळायची. माझं डोकं फिरलं.

"तुमचे हात स्वच्छ राहावेत म्हणून हिनं हे सोसायचं होय? हे पाप नाही?"

धुळाबा चिडले नाहीत. पटक्याच्या टोकानं डोळे पुसत म्हणाले, "ह्ये बी पापच हाय. कळतंय मला. पर त्ये तोंडातनं निघंना, बाई."

मी परत घोडीच्या पायाशी बसले.

त्यांची बायको हौसाबाई इतका वेळ घोडीच्या डोक्याशी बसून तांब्यानं तिच्या तोंडावर पाणी सोडत होत्या. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"घोडी माझी हाय. माझ्या भावानं दिलीया मला, शिंगरू हुती तवा. मालकीण मी. मी सांगती, द्या सुई."

"आगं, काय बोलतीस? पाप लागंल तुला," धुळाबा म्हणाले.

"लागू द्या की. तुमाला देवाच्या आत जायाचं असतं. मला तिथं कवा उंबऱ्याच्या आत घेतलंय?"

हौसाबाईंच्या आवाजात राग नव्हता. आज भाकरी कुणी थापायची, हे ठरवावं तसं त्या बोलल्या.

धुळाबा सरकत पुढं आले, तांबडीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या कपाळाला भंडारा लावला. मी मानेची शीर शोधून आधी गुंगीचं, मग भुलीचं औषध सोडलं. तांबडीनं एक लांब श्वास सोडला. मी स्टेथोस्कोप लावून ठोके थांबल्याची खात्री केली.

"झालं?" हौसाबाईंनी विचारलं.

"झालं."

मग मात्र त्या हमसून हमसून रडल्या. मलाही रडू आवरलं नाही. रस्त्यावरून गाड्या चालल्याच होत्या.

पुढच्या वर्षी त्याच रस्त्याला त्यांची मेंढरं दिसली आणि मी गाडी थांबवली. हौसाबाईंच्या डोक्यावर भांड्यांची पाटी होती. दुसरी घोडी घेतली नव्हती. मी सहज विचारलं, दसऱ्याला देवाचं नीट झालं ना?

"झालं. भंडारा धाकट्या दिरानं लावला."

"आणि धुळाबा?"

"माझ्याजवळ उंबऱ्याभाईर बसलं. लय सांगितलं मी. म्हटलं, आवं, पाप मी घेतलंय न्हवं, तुमी जावा आत. तर म्हणत्यात, तिचं डोकं म्या धरलं हुतं."

लांब मेंढरांच्या मागं धुळाबा चालले होते. पाठीवर बिऱ्हाडाचं बोचकं होतं. मी हाक मारली नाही.

नव्यानं नोकरीला लागलेल्या डॉक्टरांना मी एवढंच सांगते. डोस वजनावर काढता येतो. होकार मागताना मात्र अंगावर ओरडू नका. समोरच्याला तो केवढ्याला पडतो, ते आपल्याला फार उशिरा कळतं. आणि घोडी कुणाची, हे आधी विचारा.