कुठल्या देशात पाटीला काय भाव

ताई माझी सख्खी बहीण नव्हे. कारखान्यात सगळेच त्यांना ताई म्हणत. मालकही म्हणत, आणि मालक त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे होते.

कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट गाळा. पुढे माझं काउंटर, मागे काच, काचेपलीकडे दोन प्रेस आणि त्यातल्या मोठ्या प्रेसवर ताई. आम्ही गाड्यांच्या नंबरप्लेट बनवायचो. साधे नंबर दिवसाला दीड-दोनशे, आणि लोकांनी जादा पैसे भरून मागून घेतलेले पसंतीचे नंबर दहा-बारा. हौसेला मोल नाही म्हणतात, पण आमच्याकडे हौसेचं मोल पावतीवर छापलेलं असे. गिऱ्हाईक परिवहन खात्याची पावती आणे, मी ती तपासून काचेच्या फटीतून आत सरकवी. ताई फळीवरचे पोलादी ठसे काढून चौकटीत लावत, वर कोरा पत्रा ठेवत आणि दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबत. बटणं मुद्दाम दोन, म्हणजे एकही हात प्रेसखाली राहायला नको. मग पत्रा तापलेल्या रोलरखालून जाई आणि उठून आलेल्या आकड्यांवर काळा रंग चढे.

गिऱ्हाइकंही एकेक असत. एकाने बायकोच्या वाढदिवसाची तारीख घेतली होती. "विसरायची सोय ठेवली नाही बघा," तो मला म्हणाला. आतून ताई म्हणाल्या, "त्यांना सांग, लग्नाची तारीख दुसऱ्या गाडीवर लावा."

ताईंचं लग्न झालेलं नव्हतं. आई-वडील वर्षाच्या आत पाठोपाठ गेले तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि धाकटा भाऊ तेरा. एक स्थळ आलं होतं. माणूस चांगला होता, शाळेत शिकवायचा. पण बोलणी पक्की व्हायच्या दिवशी तो म्हणाला, "भावाला आपण वसतिगृहात ठेवू." ताई म्हणाल्या, "मग मलाही तिथेच ठेवा." स्थळ तिथेच संपलं. हे मला ताईंनी हसत हसत सांगितलं होतं, त्यामुळे त्यांना तो माणूस आवडला होता हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

धाकटा मोठा झाला, यंत्रकाम शिकला आणि तेविसाव्या वर्षी मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत लागला. पहिल्या बंदरातून त्याचा फोन आला. दोघांची पंचाईत अशी की जन्मभर एका घरात राहिलेल्या माणसांना फोनवर बोलायची सवयच नव्हती.

"जेवलास?"

"जेवलो."

"बरा आहेस ना?"

"बरा आहे."

मग नुसतीच खरखर. अखेर तो म्हणाला, "ताई, इथे हव्या त्या नंबरच्या पाटीला काय पडतं, ठाऊक आहे?" तो तेव्हा जर्मनीत होता. तिथे म्हणे आपल्या नावाची अक्षरं पाटीवर घ्यायला दहा-बारा युरो पुरतात, घरोघरी तशीच पाटी. ताईंना ते खरंच वाटेना. मग त्या दोघांचं अर्धा तास बोलणं झालं.

तेव्हापासून ती रीतच पडली. रविवारी सकाळी दहाला फोन, आणि फोनवर पाट्यांचे भाव. सोमवारी डबा उघडता उघडता ताई ते मला सांगत. हाँगकाँगला नुसत्या एका अक्षराची पाटी अडीच कोटी डॉलरला गेली. तिथले डॉलर, अमेरिकेचे नव्हेत, हे त्या आवर्जून सांगत. इंग्लंडात लोक गाडी नसतानाही नंबर विकत घेऊन ठेवतात, जमिनीसारखा, आणि भाव चढला की विकतात. अमेरिकेत वर्षाला शे-पन्नास डॉलर भरले की झालं, पण तिथे गंमत वेगळीच.

"काही ठिकाणी या पाट्या तुरुंगातले कैदी बनवतात म्हणे," ताई म्हणाल्या. "मला म्हणतो कसा, ताई, तू इकडे असतीस तर आत असतीस!"

त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मालक बाहेर येऊन बघून गेले.

अशी नऊ वर्षं गेली. दीड-दोन वर्षांतून एकदा तो यायचा, महिनाभर राहायचा, ताईंच्या घराचे नळ-दिवे नीट करून जायचा. मग येणं लांबलं. कामाची घाई आहे, सुटी मिळत नाही, पुढच्या वर्षी नक्की. फोन मात्र दर रविवारी. फक्त भाव आता एकाच शहराचे येऊ लागले. वाळवंटातलं श्रीमंत शहर, एका आकड्याच्या पाट्यांचं. तिथे लिलावात एका पाटीला इतके पैसे पडत की ती रक्कम ताई मला बोटं मोजून सांगत आणि तरी एखादं शून्य चुकत.

एकदा मी बोलून गेले, "ताई, जहाज बिघडलंय का? महिनोन्महिने एकाच बंदरात?"

"मालाची चढउतार असेल," ताई म्हणाल्या, आणि पुसलेले ठसेच पुन्हा पुसायला लागल्या. "खोकतोय जरा. एसीचा खोकला आहे म्हणतो."

मी पुढे विचारलं नाही.

मंगळवार होता. अकराच्या सुमाराला काउंटरवरचा फोन वाजला. कोणी पुरुष होता, आवाज दबलेला. ताईंचं नाव घेऊन म्हणाला, "त्या आहेत का? मी त्यांच्या भावाच्या खोलीतला. त्याचा सोबती."

"जहाजावरून बोलताय?" मी विचारलं.

तो म्हणाला, "जहाज? नाही हो. तुम्ही ताईंना द्या."

मी काचेवर टकटक केली. ताई हातमोजा काढत बाहेर आल्या. फोन कानाला लावला. "बोला," म्हणाल्या. नंतर तीन-चार वेळा नुसतं "बरं" म्हणाल्या. शेवटी, "कुठल्या हॉस्पिटलात? किती वाजता?" आणि फोन ठेवला.

"गेला," मला म्हणाल्या. "पहाटे."

मी उठेपर्यंत त्या आत गेल्यासुद्धा. चौकटीत ठसे अर्धेच लागले होते, बाकीचे लावून त्यांनी पत्रा दाबला. बाहेर निघाला तेव्हा पाहिलं तर आकडे उलटसुलट लागलेले. चुकलेली पाटी आमच्याकडे तिथल्या तिथे कात्रीने कापून टाकायची असते, कोणी तिचा गैरवापर करू नये म्हणून. ताईंनी मोठी कात्री घेतली, पाती पत्र्यावर बसवली आणि तशाच थांबल्या.

"अगं, दाबता येईना," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात जोरच नाही."

मी कात्री त्यांच्या हातातून काढून घेतली. मग त्या प्रेसजवळच्या खोक्यावर बसल्या आणि रडल्या. मालकांनी मशिनं बंद केली. चौदा वर्षांत दिवसाढवळ्या तो गाळा मी पहिल्यांदाच इतका शांत पाहिला.

शव यायला अकरा दिवस लागले. कागद, शिक्के, पुन्हा कागद. विमानतळाच्या मालविभागात मालक आणि मी ताईंबरोबर गेलो होतो. खिडकीतला कारकून वाईट नव्हता, नुसता दमलेला होता.

"नातं?" त्याने विचारलं.

"बहीण."

"आई, वडील, बायको? जवळचं कोणी?"

"मीच जवळची," ताई म्हणाल्या.

त्याने मान खाली घालून तेवढंच लिहिलं.

चार महिन्यांनी तो सोबती सुटीवर आला आणि ताईंना भेटायला घरी आला. ताईंनी मला बोलावून घेतलं होतं. मला एकटीला ऐकवणार नाही, म्हणाल्या. तिशीतला, काटकुळा माणूस. खुर्चीच्या कडेवर बसला, पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून. बराच वेळ प्रवासाचंच बोलत राहिला.

"तुम्ही आडवळणाने जाऊ नका," ताई म्हणाल्या. "सरळ सांगा."

मग त्याने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी जहाजाच्या वैद्यकीय तपासणीत धाकट्याच्या फुप्फुसात दोष निघाला. इंजिनखोलीसाठी नापास. त्याला घरी परत पाठवत होते, तो वाटेत त्या वाळवंटातल्या शहरातच उतरला. एका उंच इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये त्याला गाड्या धुवायचं काम मिळालं. तिथे एकेका आकड्याच्या पाट्यांच्या गाड्या उभ्या असत. तो त्या रोज पुसायचा.

"आम्ही म्हणायचो, घरी जा. तो म्हणायचा, कुठल्या तोंडाने जाऊ? माझ्यापायी तिने लग्न केलं नाही आणि मी गाड्या धुतोय."

"पुढे," ताई म्हणाल्या.

"शनिवारी सगळ्या ड्रायव्हरांकडे फिरायचा," सोबती म्हणाला. "लिलावात काय झालं रे, नवीन काही आहे का, उद्या ताईला सांगायचंय. ड्रायव्हरही मुद्दाम त्याच्यासाठी बातम्या काढून ठेवायचे. शेवटी ताप आला तरी कामावर जात होता. आम्ही नेलं तेव्हा उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी..." त्याने पेला खाली ठेवला.

"मला कळलं होतं," ताई म्हणाल्या.

"कसं?" सोबत्याने विचारलं.

"आधी फोनमागे बंदराचा गलका असायचा, भोंगे असायचे. नंतर पाण्याचा फवारा मारल्याचा आवाज यायचा. भिंतीवर आपटून घुमणारा. समुद्राचं पाणी असं वाजत नाही, एवढं मलाही कळतं."

"मग विचारलं का नाही, ताई?" माझ्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर जीभ चावली.

"त्याला अजून एक खोटं बोलावं लागलं असतं ना," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, पोरगा लाजतोय, लाजू दे. सांगेल तेव्हा सांगेल. मी आपली भाव ऐकत बसले." मग त्या म्हणाल्या, "विचारायला हवं होतं गं. एकदा खडसावून विचारायला हवं होतं. रागावला असता, आठ दिवस फोन केला नसता. पण आला असता."

सोबत्याने धाकट्याचे कपडे, घड्याळ आणि पाकीट आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं. ताईंनी त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

त्यानंतर मालकांनी ताईंना पॅकिंगचं हलकं काम देऊ केलं. त्यांनी घेतलं नाही. प्रेसवरच राहिल्या, पण पूर्वीसारख्या आतून टोमणे येईनासे झाले. गिऱ्हाइकं पाटी हातात घेऊन फुशारक्या मारत, ताई मान वर करत नसत. मी पसंतीच्या पावत्या दुसऱ्या प्रेसकडे द्यायला लागले तेव्हा एक दिवस त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "माझ्याकडेच द्यायच्या. लोकांच्या हौसेने काय माझं वाकडं केलंय?"

सोबती परत गेला होता. अधूनमधून तो ताईंना फोन करायचा. मी एकदा त्यांच्या घरी असताना त्याचा फोन आला. ताईंनी ना हवापाणी विचारलं, ना जेवण.

"आवाज बसलाय तुझा. डॉक्टरकडे गेलास? कधी? काय म्हणाला? कागद आहे हातात? वाचून दाखव." ऐकता ऐकता त्यांचा आवाज चढला. "आणि काम तेच आहे की सुटलं? खरं सांग. मला खोटं चालणार नाही."

पलीकडून तो काहीतरी हसून म्हणाला असावा.

"हो, पोलिसासारखंच विचारते," ताई म्हणाल्या. "तू उत्तर दे."

काम सुटलंच होतं, सहा आठवड्यांपूर्वी. घरी त्याने सांगितलं नव्हतं. ताईंनी त्याच्या आईचा नंबर मागून घेतला आणि त्याला दोन दिवसांची मुदत दिली. "तू सांग, नाहीतर मी सांगते." त्याने सांगितलं. दोन महिन्यांत तो परत आला. आता आपल्या गावी एका गॅरेजमध्ये असतो. कधी इकडे आला तर ताईंकडे उतरतो. ताई त्याचं सगळं करतात, रागावतातही. पण रविवारी सकाळी दहा ते साडेदहा त्या कोणाशी बोलत नाहीत. तेव्हा त्यांच्याकडे जायचं नाही, हे आता आम्हा सगळ्यांनाच ठाऊक आहे.